पहिला डॅशकॅम घेताना ४केच बघावं का? आणि लावल्यावर काय सांभाळावं लागतं?

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचा रेकॉर्डिंग कॅमेरा, याबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ४केसाठी, म्हणजे फुल एचडीहून जास्त बारकाव्याच्या चित्रासाठी, जास्त पैसे मोजावेत का, मागचा कॅमेरा हवा का, आणि एकदा बसवला की काम संपलं का. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथे आहे. काम संपत नाही. लक्ष द्यावं लागतं, आणि तेही कॅमेऱ्यापेक्षा आतल्या मेमरी कार्डाकडे जास्त.

गाडी चालू आहे तोवर डॅशकॅम अखंड रेकॉर्डिंग करतो. एक ते पाच मिनिटांच्या फाइली तयार होतात आणि कार्ड भरलं की सगळ्यांत जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. कार्डातल्या फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. त्यामुळे फोनमध्ये वर्षानुवर्षं विनातक्रार चालणारं कार्ड डॅशकॅममध्ये बघताबघता झिजतं, आणि झिजलं की ते गाजावाजा न करता लिहिणं बंद करतं. माझ्या एका मित्राच्या बाबतीत हेच झालं. पुढची गाडी सिग्नलला रिव्हर्स येऊन त्याच्या बंपरवर आदळली आणि समोरचा म्हणायला लागला की तूच मागून ठोकलंस. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर शेवटची फाइल कित्येक आठवडे जुनी. कॅमेरा रोज गाडी सुरू करताना कार्ड खराब झाल्याचं बोलून सांगत होता, पण तो आवाज कटकट नको म्हणून बंद करून ठेवलेला होता. आवाज बंद करू नका, हवा तर बारीक करा.

कार्ड घेताना पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या, ती कार्डं अशा सततच्या लेखनासाठीच बनवलेली असतात. शक्य तितकं मोठं घ्या, म्हणजे झीज जास्त कप्प्यांत वाटली जाते. जागेचा हिशोब सोपा आहे. फुल एचडीचं रेकॉर्डिंग सेकंदाला १६ मेगाबिटच्या आसपास धरलं तर तासाला सुमारे ७ जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डात जेमतेम नऊ तास मावतात. ४केला याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जागा लागते, आणि मागचा कॅमेरा जोडला की आणखी. महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा आणि अधूनमधून एखादी फाइल, शक्यतो रात्रीची, उघडून बघा.

आता ४के. नंबरप्लेट वाचता यावी हाच आपला मुख्य हेतू, तेव्हा त्याच मापाने बघू. प्लेट साधारण अर्धा मीटर रुंद असते. फुल एचडीत चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. लेन्सचा कोन १४० अंश असेल तर एका अंशाला १४ पिक्सेलसुद्धा येत नाहीत. १० मीटरवरची प्लेट तीन अंशांहून कमी जागा व्यापते, म्हणजे अख्खी प्लेट चाळिसेक पिक्सेलमध्ये. त्यात नऊ-दहा अक्षरं बसवायची तर एकेका अक्षराला चारच पिक्सेल उरतात. ४केमध्ये ते दुप्पट होतात आणि तीच प्लेट वाचता येऊ शकते. हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे दिवसाउजेडी जास्त रिझोल्यूशनचा, म्हणजे जास्त पिक्सेलचा, फायदा खरा आहे. दुसरी म्हणजे १७० अंशांच्या लेन्सची जाहिरात बघून भुलू नका. कोन जितका रुंद तितकं समोरचं सगळं बारीक दिसतं. १४० अंशांच्या आसपासचा कोन मला सगळ्यांत उपयोगी वाटतो.

रात्री मात्र गणित पालटतं. अंधारात पुरेसा प्रकाश मिळवायला कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, कधी कधी सेकंदाचा तिसावा भाग. दोन गाड्या ताशी ६० किलोमीटर वेगाने एकमेकींसमोर येत असतील तर तेवढ्यात त्यांच्यातलं अंतर एक मीटरहून जास्त कमी झालेलं असतं. प्लेट अंधुक होते, मग पिक्सेल कितीही असोत. शिवाय हेडलाइट पडला की प्लेट पांढरीफटक होते ते वेगळंच. इथे कामी येतो तो सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. सोनीच्या ‘स्टारव्हिस २’ मालिकेतले सेन्सर अंधारात चांगले मानले जातात, आणि एचडीआर (एकाच चित्रात उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारी सोय) असेल तर हेडलाइटच्या झगमगाटातही प्लेट टिकण्याची शक्यता वाढते. स्वस्त ४के आणि चांगल्या सेन्सरचा १४४०पी (फुल एचडी आणि ४के यांच्या मधलं रिझोल्यूशन) यांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून दुसरा घेईन. घेण्याआधी त्या मॉडेलचं रात्रीचं मूळ रेकॉर्डिंग शोधा आणि समोरून येणाऱ्या गाडीवर थांबवून बघा, वाचता येतंय का. कॅमेरा कितीही चांगला असला तरी माइक चालू असेल तर पळून जाणाऱ्या गाडीचा नंबर तिथल्या तिथे मोठ्याने म्हणा. तो आवाजात नोंदला जातो.

उष्णतेचं कुणी फारसं बोलत नाही. उन्हात बंद उभ्या गाडीत काचेजवळचं तापमान सहज ६०-७० अंशांवर जातं. लिथियम बॅटरीचे डॅशकॅम अशा उन्हात फुगतात, मधेच बंद पडतात. म्हणून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेलाच घ्या. तो काही सेकंदच वीज धरतो, पण गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट जतन करून बंद करायला तेवढी पुरते.

मागचा कॅमेरा जमत असेल तर घ्याच. मागून ठोकणारा पुढच्या कॅमेऱ्यात येतच नाही. फक्त मागच्या काचेवर काळी फिल्म असेल तर रात्री फार अपेक्षा ठेवू नका.

बसवताना जागा आरशाच्या मागची, चालकाच्या नजरेआड, पण वायपर फिरतो त्या पट्ट्यात. नाहीतर पहिल्याच पावसात चित्र धूसर. काचेची आतली बाजूही पुसत जा. तिच्यावर बसलेला धुरकट थर रात्री दिव्यांभोवती वलयं काढतो. वायर काचेच्या बाजूच्या खांबातून खाली नेताना तिथे पडदा एअरबॅग (धडकेत बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी फुगणारी) असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून कधीच नाही. एअरबॅग उघडताना पुढची वायर आडवी येते. हे काम ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद उभी असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर फ्यूज बॉक्समधून कायम वीज घ्यावी लागते. साधारण ०.३ अँपियरने रात्रीच्या बारा तासांत गाडीच्या बॅटरीचा साडेतीन अँपियर-तासांच्या वर खर्च होतो. एका रात्रीत काही बिघडत नाही, पण चार-पाच दिवस गाडी हलली नाही तर सुरू होताना रुसेल. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की कॅमेरा आपोआप बंद करणारी जोडणी घ्या आणि ती पातळी १२ व्होल्टच्या खाली ठेवू नका.

जी-सेन्सर सगळ्यांत कमी संवेदनशील करा. धक्का बसला की तो फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. संवेदनशीलता जास्त असेल तर प्रत्येक खड्डा अपघात ठरतो आणि कार्ड अशा फाइलींनीच भरून जातं.

तारीख-वेळ तपासत राहा. जीपीएस असेल तर ती आपोआप जुळते. व्हिडिओवर वेग छापायचा की नाही हे विचार करून ठरवा, कारण तो तुमच्याविरुद्धही पुरावा असतो. कायदा देशागणिक वेगळा आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी सांगितलं की सतत रेकॉर्डिंग माहिती-संरक्षणाच्या नियमांत बसत नसलं तरी अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. शेजारच्या ऑस्ट्रियात मात्र खासगी डॅशकॅमवर कडक बंधनं आहेत. गाडी घेऊन सीमा ओलांडणार असाल तर आधी नियम बघा, आणि गाडीत इतर कुणी बसलं असेल तर रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना सांगा.

अपघात झालाच तर आधी माणसं बघा, मग कॅमेऱ्याची वीज तोडून कार्ड बाहेर काढा. चालू ठेवलात तर थोड्याच तासांत तीच फाइल पुसली जाऊ शकते, कारण जी-सेन्सरने ती कुलूपबंद केली असेलच याची खात्री नाही. मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवा, धडकेच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइलींसकट. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि जी अक्षरं वाचता येत होती तीही जातात. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. विम्याचं किंवा पोलिसांचं काम पूर्ण होईपर्यंत ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका, दुसरं वापरा.