युरोपीय वसाहतींच्या काळात आफ्रिकेतून गुलामांचा व्यापार इतका का फोफावला?

मुख्य कारण साखर. ऊस तोडला की रस आंबण्याआधी गाळावा लागतो, त्यामुळे हंगामात घाणे आणि चुली रात्रंदिवस चालत. ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर या जीवघेण्या कामाला माणसं हवी होती. स्थानिक लोक देवी, गोवर अशा युरोपातून आलेल्या रोगांनी आणि वेठबिगारीने आधीच मोठ्या संख्येने मेले होते. युरोपातून करारावर आणलेले मजूर मुदत संपली की मोकळे होत. मग मळेवाल्यांनी आफ्रिकेकडे मोर्चा वळवला. १६४० च्या दशकात बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर उसाची मोठी लागवड सुरू झाली आणि काही दशकांतच तिथे गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या जास्त झाली. मळ्यांवर माणसं इतकी मरत, की मालक नवी विकत घेत राहिले. मागणी थांबलीच नाही.

दुसरी बाजू पुरवठ्याची. किनाऱ्यावरचे आफ्रिकी राजे आणि व्यापारी बंदुका, दारू, कापड घेऊन युद्धकैदी विकत. यातलं बरंचसं कापड गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं असे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

आणि कायदा. उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने १६६२ मध्ये ठरवलं की आई गुलाम तर मूलही गुलाम. ‘गोरे श्रेष्ठ’ हा वंशवाद याच व्यवस्थेच्या समर्थनासाठी पोसला गेला, असं माझं मत आहे.

सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यातली पंधरा लाखांहून अधिक वाटेतच मेली.