नागपुरात बालपुस्तकांच्या लेखक-चित्रकारांसाठी कार्यशाळा आहे. चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे हाताने केलेला कच्चा नमुना, कशी करून न्यावी?

बत्तीस पानी करा. सीताबर्डीवर कुठल्याही स्टेशनरीत मिळणारे ए-४चे 8 कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, घडीवर दोऱ्याने टाचा. झाली 32 पानं. पहिल्यावर शीर्षक, दुसऱ्यावर प्रकाशन-माहिती, गोष्ट तिसऱ्यापासून. पुढे 14 जोडपानं (समोरासमोरची डावी-उजवी पानं) आणि शेवटचं एकटं पान उरतं.

मजकूर टाइप करून, कापून, हलका चिकटवा. तो हलवावा लागतोच. चित्रं पेन्सिलीची पुरेत. रंगवलेलं पान बदलायला हात धजावत नाही, म्हणून रंगवून नेऊच नका.

खरी कसोटी पान उलटण्याची. उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी ताणा, उत्तर उलटल्यावर डावीकडे द्या. "दाराआड कोण?" डावीकडे आणि मांजर समोरच उजवीकडे असेल, तर मूल आधी मांजरच बघतं. "लाल फ्रॉक घातलेली मिनी" चित्रात दिसतेय ना, मग वाक्यातून काढा. चेहरा घडीवर नको, बांधणीत गिळला जातो.

अंतिम चित्रात रंग चारही बाजूंनी पानाच्या कडेबाहेर 3 मिमी जादा न्या, तो कापताना जातो; आणि अक्षरं चित्रातच रंगवू नका. उद्या हिंदी आवृत्ती निघाली तर सगळं पुन्हा काढावं लागेल.