‘त्या गाळ्यात काही टिकत नाही’

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर एक गाळा बघितला आहे. चार वर्षांत तिथे आधी मिसळ, मग चायनीज, मग कॅफे असे तीन धंदे आले नि बसले. मालक म्हणतात, किचन तयार आहे, फक्त शटर उघडायचं. भाडं ९०,००० रुपये, डिपॉझिट सहा महिन्यांचं, सेटअपचे ६ लाख वेगळे. खुर्च्या ३६. घरचे म्हणतात जागा पनवती आहे. घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पनवतीचं नंतर बघू, आधी भाडं बघू. घरमालक जीएसटीत नोंदलेले असतील तर भाड्यावर १८ टक्के लागतात. नोंदलेले नसतील आणि तुम्ही नोंदलेले असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर उलट तुम्हालाच भरावा लागतो. (लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ही उलट आकारणी नाही.) साधं हॉटेल गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेतं आणि त्यात भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे ९०,००० चं भाडं प्रत्यक्षात १,०६,२०० पडतं. नवे हॉटेलवाले हा आकडा हमखास विसरतात.

भाडं विक्रीच्या १० ते १२ टक्क्यांत बसलं पाहिजे. मालाला ३० ते ३५, पगारांना साधारण २०, वीज-गॅसला ६ ते ८ टक्के जातात. वाया जाणारा माल, दुरुस्ती आणि ऑनलाइन ॲपचं कमिशन धरलं की भाड्याला याहून जास्त जागा उरत नाही. १२ टक्के धरले तरी महिन्याला ८ लाख ८५ हजारांची विक्री हवी, म्हणजे रोज २९,५०० चा गल्ला. माणशी बिल १८० रुपये पडलं तर रोज १६४ माणसं.

आता त्या ३६ खुर्च्या. त्यातल्या किती शटरच्या आत आहेत, हे स्वतः जाऊन मोजा. अशा गाळ्यांत दहा-बारा खुर्च्या फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे गाळ्यासमोर मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याच्या शेडखाली मांडलेल्या असतात. महापालिकेची कारवाई झाली की त्या एका दिवसात जातात, भाडं मात्र ३६ खुर्च्यांचंच राहतं. आत २४ खुर्च्या धरा. १६४ माणसांसाठी प्रत्येक खुर्ची दिवसातून जवळपास सात वेळा भरायला हवी.

हेच गणित तीनही धंद्यांना लावून बघा. मिसळीचं माणशी बिल १२० धरलं तर २४६ माणसं लागतात, म्हणजे एका खुर्चीवर दहा जण. मिसळ खपते सकाळी आठ ते दुपारी एक. पाच तास सलग, दर अर्ध्या तासाला सगळं हॉटेल भरून रिकामं झालं तर जमेल. चायनीजचं गिऱ्हाईक संध्याकाळी सातनंतर येतं. दिवसभर गाळ्याचं भाडं चालू आणि भट्टी बंद. कॅफेत एका कोल्ड कॉफीवर दोन तास बसतात. तिघांचं खाणं वेगळं, पण तिघेही एकाच आकड्याने मारले गेले. चौथा मेनू आणून तो आकडा बदलत नाही. तो बदलायचा तर भाडं उतरायला हवं, नाहीतर पार्सल इतकं हवं की खुर्च्यांचा प्रश्नच येऊ नये.

‘तयार किचन’ हेच खरं आमिष आहे. त्यामुळे कमी भांडवलाचा माणूस तिथे ओढला जातो, डिपॉझिट आणि सेटअपमध्ये त्याची पुंजी संपते आणि बस्तान बसायच्या आत हातातला पैसा संपतो. तुमच्या बाबतीत भाडं, १,६०,००० पगार आणि ५५,००० वीज-गॅस धरले तर माल सोडून महिन्याचा खर्च ३,२१,२०० होतो. डिपॉझिट, सेटअप, रंगरंगोटी सगळं देऊन झाल्यावरही चार महिन्यांचे, म्हणजे जवळपास १३ लाख, बाजूला उरत असतील तरच पुढे जा.

सेटअप घ्यायचाच असेल तर एकेक वस्तू तपासून. डीप फ्रीजर रिकामा चालू करून २४ तास ठेवा आणि आत थर्मामीटर टाका. उणे १८ अंशांपर्यंत गेला नाही तर फ्रीजरमध्ये दोष आहे असं समजा. सगळे बर्नर एकदम पेटवा. एकेकटा नीट जळणारा बर्नर सगळे लावल्यावर पिवळा पडत असेल तर गॅसची लाइन किंवा रेग्युलेटर अपुरा आहे. प्रत्येक वस्तूचं मूळ बिल मागा, कारण कधी ती आधीच्या भाडेकरूच्या कर्जात अडकलेली असते. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी आणि मंजूर भार दोन्ही बघा. शेजारच्या किराणावाल्याला आणि दूधवाल्याला विचारा, आधीच्याने किती बुडवले. त्या पत्त्यावर पैसे अडकलेले पुरवठादार नव्या माणसाकडूनही रोखच मागतात.

घरच्यांच्या शंकेबद्दल. मुंबईत कोपऱ्यावरच्या जागा अशुभ मानून इतर व्यापारी घेत नसत, त्या इराण्यांनी घेतल्या, असं सांगितलं जातं. दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक त्यांना मिळालं. जागेला दोष असतो, पण तो मोजता येतो. आमचं स्पष्ट मत : ९०,००० ला हा गाळा घेऊ नका. ५५,००० पर्यंत आला, तर पुन्हा हेच गणित मांडा.

प्रश्न : ‘शंभरातली नव्वद हॉटेलं पहिल्याच वर्षी बंद पडतात’ हे खरं आहे का?
— वाचक, नाशिक

उत्तर : नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९९६ ते १९९९ या काळातल्या हॉटेलांचा अभ्यास झाला. त्यात पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ६० टक्के बंद पडली किंवा हातबदल झाली. आपल्याकडचा आकडा तोच असेल असं नाही, पण त्यावरून एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. दहातली सहा हॉटेलं तीन वर्षांत जात असतील, तर निव्वळ योगायोगानेही एकाच जागी लागोपाठ तीन बुडण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे जवळपास २२ टक्के येते. पाचातल्या एका गाळ्यावर ‘शापित’ असा शिक्का असाच बसू शकतो. म्हणून किती बुडाले यापेक्षा कशाने बुडाले ते विचारा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर जो हॉटेलवाला येतो त्याचं धूर, घरघर आणि तुंबलेल्या चेंबरवरून सभासदांशी भांडण होतं आणि तो जातो. काय केलं तर हे थांबेल?
— सोसायटीचे सचिव, ठाणे

उत्तर : बहुतेक वेळा डक्ट, म्हणजे किचनचा धूर बाहेर नेणारा पत्र्याचा मार्ग, लहान असतो. पहिल्या भाडेकरूने डोशाच्या तव्यापुरता बसवलेला डक्ट पुढचे सगळे तसाच वापरतात, आणि मग त्याखाली चायनीजची भट्टी येते. भट्टीवरचा धूर गोळा करणारा आठ फूट बाय चार फुटांचा हूड म्हणजे ३२ चौरस फूट. चौरस फुटाला मिनिटाला १०० घनफूट हवा ओढायची तर ३,२०० घनफूट झाले. डक्ट १२ बाय १२ इंचांचा, म्हणजे एक चौरस फुटाचा असेल तर हवा मिनिटाला ३,२०० फूट वेगाने जायला हवी. ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, तेवढी रेटू शकत नाही, धूर हुडाबाहेर सांडतो आणि डक्ट घरघरतो. तिथे किमान दोन चौरस फुटांचा, साधारण १८ बाय १६ इंचांचा डक्ट लागेल.

काटकोनी वळणं टाळा. एका काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं घ्या. डक्ट गच्चीच्या वर न्या, इमारतीच्या आतल्या उभ्या पोकळीत सोडू नका. ब्लोअरखाली रबर किंवा स्प्रिंगचे पाय आणि डक्टच्या जोडावर कॅनव्हास हवं, नाहीतर त्याची थरथर स्लॅबमधून बेडरूमपर्यंत जाते. ओढलेल्या हवेच्या ८० टक्के ताजी हवा किचनमध्ये परत यायला हवी. तसं नसेल तर किचनचं दार उघडायला जड जातं आणि धूर हुडाखाली न राहता किचनभर पसरतो. ताजी हवा कमी पडल्याची ही ओळख. हुडाचे फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात धुतले पाहिजेत. तेलकट डक्टला आग लागली तर ती थेट वर चढते.

तुंबण्याचं कारण तूप-तेल. भांडी घासायच्या सिंकखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तूप-तेल अडवणारी पेटी, हवा, आणि छोटा असेल तर रोज, मोठा असेल तर आठवड्याला उपसायला हवा. हॉटेलात काम करणारी मुलं उकळतं पाणी ओतून तेल ‘वितळवतात’. ते पुढे दहा-पंधरा फुटांवर, सोसायटीच्या चेंबरमध्ये जाऊन पुन्हा थिजतं. ना हरकत पत्र देतानाच डक्टचं माप, ब्लोअर बंद करायची वेळ आणि ट्रॅप उपसायचा दिवस त्यात लिहून घ्या.

प्रश्न : समोरच्या हॉटेलात रांग, आमच्या बाजूला शुकशुकाट. आमच्या बाजूच्या गाळ्यात दोघे बुडाले. रस्ता एकच, मग फरक कसा?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुभाजक असेल तर रस्ता एकच राहत नाही, त्याच्या दोन गल्ल्या होतात. सकाळी कामाला जाणारी बाजू नाष्ट्याची, संध्याकाळी घरी परतणारी बाजू पार्सलची. परतीच्या बाजूला पोहे-इडली लावून बसलं तर गिऱ्हाईक वळसा घालून येत नाही. दुचाकी लावायला जागा आहे का तेही बघा.

अंदाजावर न जाता मोजा. एक मंगळवार, एक शनिवार. सकाळी ८ ते १०, दुपारी १२.३० ते २.३०, रात्री ७.३० ते १०. दर तासातली पंधरा मिनिटं उभं राहून पायी जाणारे, थांबणारे आणि समोर आत शिरणारे असे तीन आकडे वेगळे लिहा. समोरच्याचा धंदा किती, हे त्याच्या बिलावरून कळतं. आज सकाळी अकराला चहा घेऊन बिल घ्या, उद्या अकराला पुन्हा घ्या. दोन्ही बिलांवरच्या क्रमांकांमधला फरक म्हणजे चोवीस तासांतली बिलं. पार्सलची मालिका वेगळी असू शकते, म्हणून एक बिल पार्सलचंही घ्या.

रस्त्याचं काम निघणार आहे का, हे महापालिकेत विचारा. पुण्यात वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली; त्याआधी काही वर्षं कर्वे रस्त्यावर कामाच्या कुंपणाचे पत्रे उभे होते. पत्र्यांमागच्या दुकानात पाय वळत नाही, मग स्वयंपाक कितीही चांगला असो.

प्रश्न : गाळा माझा आहे. हॉटेलवाले वर्षभरात सोडून जातात. मी काय करू?
— गाळेमालक, डोंबिवली

उत्तर : भाडं मागताना शेवटच्या भाडेकरूने कबूल केलेला आकडा धरू नका, तो त्यालाच झेपला नव्हता. दर वेळी गाळा तीन-चार महिने बंद राहतो, ते बुडालेलं भाडं वर्षावर पसरून बघा, म्हणजे किती कमी करणं परवडतं ते दिसेल. कामासाठी ४५ ते ६० दिवस बिनभाड्याचे द्या. लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी करार न मोडण्याची अट, दोघांवरही ठेवा. फक्त भाडेकरूवर लॉक-इन असलेला करार अनुभवी माणूस करत नाही. करार नोंदवून घ्या, महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची आहे.

शटर बंद असताना जुना फलक उतरवा. मोबाइलच्या नकाशावरचं जुनं नाव ‘कायमचे बंद’ करून घ्या, म्हणजे नव्या माणसाला जुन्याचे दोन तारे मिळणार नाहीत. डक्ट आणि ग्रीस ट्रॅप मात्र स्वतःच्या खर्चाने बसवा. भाडेकरू बदलला तरी ते गाळ्यातच राहतात. आणि हे करूनही पुढचा वर्षात गेला, तर तो गाळा औषधाच्या दुकानाला किंवा दवाखान्याला द्या. तिथे ना भट्टी लागते ना डक्ट.