रत्नागिरीहून गाडीने एका दिवसात समुद्राच्या कडेकडेने कुठे जाऊन येता येईल?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत लग्नाला येताय, लग्न आटोपल्यावर एक दिवस मोकळा आहे, गाडी स्वतःची आहे, आईवडील बरोबर आहेत आणि गणपतीपुळे आधीच झालंय. मग दक्षिणेकडे जा. भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे आणि अगदीच हौस असेल तर आंबोळगड. आतल्या फाट्यांसकट जाऊन-येऊन सव्वाशे ते दीडशे किलोमीटर होतील. हायवेच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण आमच्याकडच्या रस्त्यांना दिवसभराचं आहे.

नकाशात सागरी महामार्ग अशी रेघ दिसते म्हणून खिडकीतून सतत समुद्र दिसेल असं मात्र धरून चालू नका. कोकणात रस्ता बराचसा सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं माळरान. तिथून वळणावळणाने खाली उतरायचं, खाडीवरचा पूल ओलांडायचा, पुन्हा चढून पुढच्या सड्यावर यायचं. भाट्याला काजळी नदीची खाडी, पूर्णगडला मुचकुंदीची. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, असते ती दोन डोंगरांच्या नाकांमध्ये, आणि तिथे जायला मुख्य रस्ता सोडून दोन-चार किलोमीटर आत शिरावं लागतं. आरे-वारेचा घाट, जिथे रस्त्यावरूनच दोन्ही बाजूंच्या पुळणी दिसतात, तो अपवाद आहे आणि म्हणूनच त्याचे फोटो सगळीकडे फिरत असतात. तेव्हा दिवसाचा बेत किलोमीटरवर न आखता, समुद्राकडे नेमकं कुठे उतरायचं आणि किती वाजता, यावर आखा. अशा तीन-चार जागा पुरे होतात.

माझा सल्ला असा की सकाळी साडेसहाला निघा आणि वाटेत फारसं न थांबता सगळ्यात लांबचं टोक आधी गाठा. थांबायचं ते परतताना. याला साधं कारण आहे. दक्षिणेकडे जाताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे गाडी थांबवायची तर समोरून येणारी वाहतूक आडवी कापायची. परतताना तो डाव्या हाताला येतो, बाजू घेणं सोपं जातं. शिवाय मावळतीच्या वेळी तुम्ही घराजवळ असता. अंधारात त्या वळणांवर समोरून लाल डबा किंवा चिऱ्यांचा ट्रक आला की नवख्या माणसाची भंबेरी उडते.

जाताना फक्त भाट्याच्या पुलावर गाडी हळू घ्या. सकाळी होड्या परतत असतात. पूल संपला की एका बाजूला सुरूचं बन आणि पुळण, दुसऱ्या बाजूला नारळ संशोधन केंद्राच्या माडांच्या रांगा. पुढे गोळपचा सडा लागतो.

आंबोळगडापर्यंत जायला न थांबता दोन तास धरा. पुळण मोठी आहे, गर्दी नसते. वाटेत नाट्याजवळ यशवंतगड आहे, खाडीच्या मुखाशी. मात्र आईवडिलांना गाडीत फार वेळ बसवत नसेल तर आंबोळगड खुशाल गाळा आणि कशेळीलाच टोक माना. दिवसाचं खास काही बिघडणार नाही, कारण या वाटेवर मला सर्वांत मोलाची वाटते ती कशेळीच.

कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याची देवळं महाराष्ट्रात मुळात थोडी, त्यात अजून रोजची पूजा चालू असलेलं, गावाने जपलेलं हे एक. आख्यायिका अशी सांगतात की मूर्ती प्रभासपाटणच्या बाजूने जहाजातून आली. कशेळीच्या समुद्रात जहाज अडलं, काही केल्या पुढे सरकेना, तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या कड्यातल्या घळीत ठेवली आणि जहाज सुटलं. पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला, तिने गावकऱ्यांच्या मदतीने मूर्ती वर आणून देऊळ बांधलं, म्हणून कनकादित्य. आख्यायिका बाजूला ठेवली तरी देवस्थान जुनं आहेच. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा बाराव्या शतकातला ताम्रपट इथे आहे. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. तुमचं लग्न त्या सुमाराला असेल तर गाडी लावायला जागा मिळणार नाही, पण बघण्यासारखं पुष्कळ मिळेल.

ती घळ म्हणजे देवघळी. हल्ली लोक फोटोसाठी तिथे जातात. कड्यावरून खाली छोटीशी पुळण दिसते, दोन्ही बाजूंना काळा कातळ. खाली उतरायला पायऱ्या आहेत, पण चढून यायचंय हे लक्षात ठेवून आईवडिलांना वरच बसवा, वरून दिसतं ते खालच्यापेक्षा कमी नाही. कठडा नाही तिथे कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढू नका. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

कशेळीच्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत आणि ती बहुतेक पर्यटकांच्या यादीत नसतात. त्यातला एक हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या अंगातच मासे, प्राणी असं बरंच काही कोरलेलं आहे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात ही जागा आहे. रस्ता गावातच विचारा, कोणीही दाखवील. दोन गोष्टी पाळा: चपला काढून बाजूने बघा, आणि बाराच्या उन्हात जाऊ नका. डोक्यावर सूर्य असला की कोरलेल्या रेषा दिसतच नाहीत, कातळही तापलेला असतो. दहाच्या आत किंवा चारनंतर तिरप्या उन्हात रेषा उठून येतात. म्हणून आंबोळगड गाळलंत तर सकाळी आधी कातळशिल्पं, मग देऊळ, मग देवघळी असा क्रम लावा.

जेवणाचं एक बघा. या पट्ट्यात मोठी हॉटेलं नाहीत, घरगुती खानावळी आहेत, आणि त्यांना सकाळीच सांगून ठेवावं लागतं. जाताना आडिवऱ्याला चहाला थांबाल तेव्हाच कुठेतरी ‘दीड वाजता इतकी माणसं, इतकी शाकाहारी’ एवढं सांगून पुढे जा. मासे कोणते, हे त्या दिवशी जाळ्यात काय आलं त्यावर ठरतं, त्यामुळे सुरमईचा हट्ट धरू नका. बांगडा ताजा असेल तर बांगडाच खा. आडिवऱ्याला महाकालीचं देऊळही आहे, आईवडिलांना आवडेल, आणि दुपारी तिथे गारवा असतो. दुपारी एक ते तीन समुद्रावर जाण्यात तसाही अर्थ नाही.

आता भरती-ओहोटी. बाहेरून येणारे नेमकं हेच बघत नाहीत. इंटरनेटवर वेळा मिळतातच, पण आमच्याकडचा जुना हिशेब कॅलेंडरवर करता येतो: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब बाराच्या आसपास येतो. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईला जास्त जुळतो. रत्नागिरीला भरती त्याच्या थोडी आधी लागते, पण बेत आखायला एवढं पुरतं.

याचा उपयोग संध्याकाळसाठी. परतताना साडेतीन-चारला गावखडीला या. सुरूच्या बनाच्या सावलीत गाडी लावून लांबलचक पुळणीवर चालता येतं. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावातली मंडळी घरटी राखतात, तेव्हा जाळीने कुंपण केलेली जागा दिसली तर लांबूनच बघा आणि गाडी वाळूत घालू नका. वाळूत गाडी घालणं हा आमच्याकडे सध्याचा साथीचा रोग आहे. रुतली की पोरं ढकलायला येतात आणि भरतीही येते.

मुचकुंदीचा पूल ओलांडला की पूर्णगड. किल्ला छोटा आहे, गावातून थोडं चालून गेलं की दरवाजा. समुद्राच्या बाजूलाही एक दार आहे, तिथे उभं राहिलं की खाडीचं मुख, गावखडीची पुळण आणि मघाशी ओलांडलेला पूल असं सगळं एका नजरेत येतं. नदी समुद्राला कशी मिळते ते मुलांना दाखवायचं असेल तर मी इथेच आणीन.

सूर्यास्त कुठे बघायचा हे तिथीवरून ठरवा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे संध्याकाळी ओहोटी असते आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे गेलेलं असतं, पुळण रुंद मिळते. मग पूर्णगड पाचलाच आटपून पावसजवळच्या गणेशगुळ्याला उतरा. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ असं जे म्हणतात ते हेच गुळे. पुळ्याची गर्दी पाहिलेल्या माणसाने इथली रिकामी पुळण पाहिली की गणपती का गेला हे कोडं पडतं. अष्टमीच्या सुमाराला मात्र संध्याकाळी भरती असते, पुळण अरुंद होते, तेव्हा पूर्णगडच्या तटावरूनच सूर्यास्त बघा आणि उतरायला टॉर्च ठेवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो, मेमध्ये सातला.

शेवटी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेऊन आठच्या आत रत्नागिरीत पोचाल.

पेट्रोल रत्नागिरीतच भरा आणि खिशात रोख ठेवा, सड्यावर मोबाईलची रेंज जाते आणि मग तुमचं पेमेंट फिरत बसतं. नकाशा आधीच उतरवून घ्या. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तर मागे तुमची गाडी घ्यायची असते, तिची नाही. लग्न जून ते सप्टेंबरमधलं असेल तर सडा हिरवा असतो आणि सप्टेंबरात फुलतो, रस्ता सुरेख वाटतो, पण पाण्यात पाय घालायचा नाही, गुडघाभरसुद्धा. पावसाळ्यात या किनाऱ्यावर ओढ असते आणि दरवर्षी कोणीतरी जातं.

काही जण तुम्हाला उत्तरेची वाट सुचवतील: आरे-वारे, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, जयगडचा किल्ला, तिथून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. वाट फार सुंदर आहे, यात वादच नाही. पण गुहागरहून चिपळूणमार्गे परत यायचं म्हणजे शेवटचे सव्वाशेहून जास्त किलोमीटर अंधारात, आणि आईवडील मागच्या सीटवर पेंगलेले. शिवाय हेदवीच्या बामणघळीत पाणी उसळतं ते भरतीलाच, ओहोटीला गेलात तर नुसती कातळातली फट बघून याल. म्हणजे फेरीबोटीची वेळ आणि भरतीची वेळ दोन्ही एका दिवसात जुळवायच्या. ती वाट मुक्काम करून करायची आहे, गुहागरला रात्र काढा. एका दिवसात उत्तरच हवी असेल तर जयगडहून माघारी फिरा.

लग्नाची तारीख सांगितलीत तर त्या दिवशीची तिथी बघून गणेशगुळे की पूर्णगड ते खाली लिहितो.