‘मी काय बोलू म्हणजे त्याला बरं वाटेल?’

डिप्रेशनमधल्या माणसाचा जवळचा मित्र जवळजवळ त्याच्याइतकाच गोंधळलेला असतो. असे मित्र माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात. हकिगती निरनिराळ्या, पण गाडी येऊन थांबते ती एकाच प्रश्नावर: ‘मॅडम, मी नेमकं काय बोलू म्हणजे त्याला बरं वाटेल?’

त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. कॉलेजपासूनचा त्याचा मित्र काही महिने डिप्रेशनमध्ये होता. मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. हा रोज रात्री फोन करायचा, उमेद वाढवणारे व्हिडिओ पाठवायचा, ‘तुला कमी काय आहे?’ म्हणून समजूत घालायचा, आणि स्वतः पार थकून गेला होता.

‘एक दिवस छान बोलतो. मला वाटतं, सुटलो. दुसऱ्या दिवशी फोनच उचलत नाही. मग माझाही दिवस गेलाच.’

सुरुवातीच्या भेटींत आजाराची माहिती दिली. औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ, झोपेतले बदल असा त्रास मात्र आधी जाणवू शकतो. ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या सोडल्या जातात त्या याच काळात, आणि तिथे मित्राच्या शब्दाला वजन असतं. त्याने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. तरी पुढच्या वेळी प्रश्न तोच!

मग मी विचारलं, ‘फोन ठेवताना तुम्ही शेवटी काय म्हणता?’

‘विचारतो, आता जरा बरं वाटतंय ना?’

‘तो काय म्हणतो?’

‘हो म्हणतो. रोजच.’

‘नाही म्हणाला तर?’

‘तर मी आणखी अर्धा तास समजावत बसतो.’

एवढं बोलून तो गप्प झाला. मीही गप्प राहिले. (अशी शांतता भरून न काढणं हे आमच्या कामातलं अवघड कसब आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.) बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘म्हणजे मला बरं वाटावं म्हणून तो हो म्हणतोय?’

या एका वाक्यासाठी मी थांबले होते. मी ते सांगितलं असतं, तर तेही मोबाइलमध्ये टिपलं गेलं असतं.

‘मी सगळ्यांना जड झालोय’ ही अपराधी भावना या आजाराचंच एक लक्षण आहे. त्यात मित्र रोज आशेने विचारू लागला, की बरं दिसण्याची जबाबदारीही त्या माणसावर येते. मग तो हसून दाखवतो. जिथे निर्धास्तपणे आजारी राहता आलं असतं, अशी एक जागा त्याच्या हातून जाते.

मग बोलायचं काय? माझा कल आधीपासून बोलण्यापेक्षा करण्याकडे आहे. मन तयार झालं की माणूस उठेल, असं आपण धरून चालतो. १९७० च्या दशकात पीटर लेविन्सोन या मानसशास्त्रज्ञाने याची दुसरी बाजू मांडली. माणूस कामांतून, माणसांतून अंग काढून घेतो, त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंगच कमी होतात आणि मन आणखी खचतं. म्हणून सुरुवात छोट्याशा कृतीपासून करावी, मन मागाहून येईल. ‘काही लागलं तर सांग’ यात भाव चांगला असतो, पण काय हवं ते ठरवणं आणि तोंड उघडून मागणं, नेमकं हेच त्याला जमत नसतं. त्यापेक्षा ‘शनिवारी दहाला येतो, थोडं चालून येऊ. नाही जमलं तर बसू’ हे सोपं.

त्याने तसंच केलं. पहिल्या शनिवारी मित्र अंथरुणातून उठलाच नाही. हा शेजारी वर्तमानपत्र वाचत बसला आणि ठरल्या वेळी निघाला. ‘बरं वाटतंय का’ विचारायचं नाही, हे त्याला सगळ्यात जड गेलं म्हणे. पुढे कधीतरी दोघं रस्त्याच्या टोकापर्यंत चालून आले. त्यानंतरच्या भेटीत हा माझ्याकडे आला तो खुशीतच: ‘मॅडम, काल तो म्हणाला, आज अजिबात बरं नाही!’ असल्या बातमीवर आम्ही दोघंही हसलो.

खरं बोलणं सुरू झालं, की खरं ऐकण्याची तयारीही लागते. ‘जगणं नको वाटतं’ असा सूर आला तर सरळ विचारावं, ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटं सोडू नये, जिवाला धोका होईल अशा वस्तू दूर कराव्यात, डॉक्टरांना आणि घरच्यांना त्याच दिवशी कळवावं. धोका अगदी समोर दिसत असेल तर थेट रुग्णालय गाठावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन इथे देऊ नये.

राहिली त्याची स्वतःची दमछाक. मी विचारलं, ‘हे सगळं एकट्यानेच का?’ त्याला हे सुचलंच नव्हतं. मित्राला विचारून त्याने आणखी एकाला सामील करून घेतलं. आता दुसरा मित्र मंगळवारी जातो, हा शनिवारी. रात्रीचा फोन बंद झालाय. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळ्या चालू ठेवायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेवढा काळ हिशेबात धरूनच त्यांनी वार वाटून घेतलेत.