"मॅडम, तुम्ही मोकळ्याच आहात ना?"

शाळेतल्या समुपदेशकांची एक तक्रार ठरलेली असते. दिवसभर काम उरकत नाही, आणि वेतनवाढीची वेळ आली की ऐकावं लागतं, "तुम्ही तर नुसत्या मुलांशी गप्पा मारता." अशाच एका बाईंची ही केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सीबीएसई शाळा, १४०० विद्यार्थी, समुपदेशक एकच. नोकरीला सहा वर्षं झालेली आणि राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये तयार. मस्टरवर सही होते न होते तोच सुपरवायझर मॅडम समोर: "मोकळ्याच आहात ना? सातवी ब घ्या जरा." समुपदेशनाच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आठवीतली एक मुलगी तिसऱ्या भेटीत कुठे बोलायला लागली, तेवढ्यात शिपाईमामा गठ्ठे मोजायला आत आले. ती मुलगी पुन्हा आली नाही.

आदल्या मार्चमध्ये बाईंनी प्रिन्सिपल सरांना दोन पानी मेल पाठवला होता. त्यात 'अपमान' चारदा, नेमकी मागणी एकही नाही. शिवाय तोवर नव्या वर्षाचं वेळापत्रक ठरून गेलेलं. उत्तर आलं नाही, यात नवल नाही.

या वेळी आधी नोंद ठेवायचं ठरलं. एक फुलस्केप वही, रोजच्या आठ तासिका, प्रत्येकीपुढे एकच शब्द. नोंद त्याच दिवशी करायची. शनिवारी बसून आठवून लिहिलं की प्रॉक्सीचे (गैरहजर शिक्षकाच्या जागी घेतलेले) तास फुगतात आणि समोरच्याला ते लगेच कळतं. २० दिवसांच्या १६० तासिकांचा हिशेब असा निघाला: प्रॉक्सी ४६, परीक्षा आणि बसची ड्युटी १८, मुलांच्या भेटी ३८, पालक १४, नोंदी १२, वर्गसत्रं १०, शिक्षकांशी चर्चा ९. उरलेल्या १३ तासिकांत मूल आलं होतं, पण खोली मोकळी नव्हती. ६४ तासिका, म्हणजे ४० टक्के वेळ, समुपदेशनाबाहेर गेला. पण सरांची नजर खिळली ती त्या १३ वर.

जानेवारीत एक पानी टिपण गेलं. त्यात मुलांची नावं नव्हती, वर्गही नव्हता. 'वडील नुकतेच वारलेला सातवीतला मुलगा' एवढं लिहिलं तरी अख्खी शाळा ओळखते. पाचपेक्षा कमी मुलांचा गट वेगळा दाखवायचाच नाही, इतर गटांत मिळवायचा. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. ते वाक्य टिपणात शेवटी ठेवलं. सुरुवातीलाच टाकलं असतं तर धमकी वाटली असती.

मागण्या तीनच: आठवड्याला जास्तीत जास्त दोन प्रॉक्सी, कुलपाची खोली (दाराला काच हवी, मूल बाहेरून दिसावं, ऐकू येऊ नये) आणि कामाचं लेखी स्वरूप. पगाराचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला, कारण तो संस्थाचालकांच्या हातात असतो, प्रिन्सिपलांच्या नाही. "मग प्रॉक्सी घेणार कोण?" हा प्रश्न येणारच होता. त्याचं उत्तर टिपणातच होतं: त्या दोन तासांत परीक्षेच्या ताणावर वर्गसत्र घेईन.

लेखी स्वरूपात गुप्ततेच्या मर्यादाही लिहून घेतल्या. वर्गशिक्षकांना "काय म्हणाला तो?" याचं उत्तर मिळणार नाही, मिळेल ती चिठ्ठी, 'भेट झाली, पुढच्या बाकावर बसवा, दोन आठवड्यांनी बोलू.' लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र गुप्तता संपते. पॉक्सो कायद्याने (२०१२) माहिती पोलिसांना द्यावीच लागते. ती कोण देणार, हे आधीच ठरलेलं बरं. ऐन वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

बढतीचं म्हणाल तर शाळेत समुपदेशकाला वरची पायरी बहुधा नसतेच, ती सुचवावी लागते. बाईंनी 'समावेशन समन्वयक' हे पद सुचवलं: विशेष शिक्षक, पालक आणि बाहेरचे डॉक्टर यांच्यातला दुवा. व्हिजिटिंग कार्डावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' छापायचा मोह मात्र आवरावा लागला. नुसत्या एम. ए. वर ते चालत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

एप्रिलच्या वेळापत्रकात प्रॉक्सी तीनवर आल्या, दोनवर नाही. गठ्ठे ग्रंथालयात गेले आणि खोलीची किल्ली बाईंकडे आली. पदाचा विषय संस्थाचालकांपुढे अडकला आहे. वहीत नोंदी चालू आहेत, पुढचं टिपण जानेवारीत जाईल.