'व्हाइट प्रिव्हिलेज' आणि 'अलाय': मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या कार्यालयीन प्रशिक्षणाचं एक पत्रक मराठीत आणायचं आहे. त्यात 'व्हाइट प्रिव्हिलेज ओळखणं' आणि 'चांगला अलाय होणं' असे दोन भाग आहेत. व्हाइट प्रिव्हिलेज म्हणजे श्वेतवर्णीय असल्यामुळे न मागता मिळणारे फायदे, आणि अलाय म्हणजे भेदभाव सोसणाऱ्यांच्या बाजूने उभा राहणारा, त्या गटाबाहेरचा माणूस. 'गोरा विशेषाधिकार' आणि 'सहयोगी' हे शब्द चालतील का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत.

'विशेषाधिकार' मराठीत सभागृहाच्या आणि कायद्याच्या भाषेतला शब्द आहे. आमदारांना तो असतो, त्यावर ते उघडपणे दावा सांगतात आणि त्याला धक्का लागला की हक्कभंगाचा प्रस्ताव येतो. व्हाइट प्रिव्हिलेजचं तसं नाही. आजच्या कायद्यात तो कुठेच लिहिलेला नाही आणि ज्याला मिळतो त्याला बहुधा जाणवतही नाही. अमेरिकी अभ्यासक पेगी मॅकिंटॉश यांनी १९८९ च्या लेखात अशा गोष्टींची यादीच केली होती: दुकानात गेलं तर मागून कुणी पाळत ठेवत नाही, 'त्वचेच्या रंगाची' म्हणून मिळणारी चिकटपट्टी आपल्या त्वचेशी जुळते. याला अधिकार कसं म्हणणार?

'सवलत' त्याहून धोक्याचा. सवलत अर्ज करून मिळते. शिवाय महाराष्ट्रात 'सवलती' म्हटलं की वाचकाच्या मनात आरक्षण येतं, म्हणजे बोट नेमकं उलट्या दिशेला वळतं. 'मिरासदारी' अर्थाने बरीच जवळ येते. पेशवाईतल्या गावात मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने चाले, उपऱ्याला ती शाश्वती नसे. पण मिरासदाराकडे मिरासपत्र असे. इथे कागद नाही. 'जन्मसिद्ध' हे विशेषण टिळकांमुळे हक्काला चिकटलंय, ते लावलं तर या लाभाला उगाच प्रतिष्ठा मिळते.

उरतो 'आयता लाभ', पण त्यात आळशीपणाचा आरोप आहे. ऐकणारा लगेच म्हणेल, 'मी काय कष्ट केले नाहीत?' आणि चर्चा तिथेच अडेल. कष्ट करूनही फरक कसा पडतो, याचं उदाहरण घ्या. १९४४ च्या कायद्याने अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरासाठी, शेतीसाठी, धंद्यासाठी सरकारी हमीचं कर्ज देऊ केलं. मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांत १९४७ साली अशी ३,२०० हून अधिक कर्जं मंजूर झाली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली फक्त २. गोरा सैनिकही लढलाच होता, त्याने काही फुकट मागितलं नव्हतं. फरक पडला तो बँकेच्या खिडकीवर. त्या कर्जातून घर झालं, घराची किंमत वाढली, ते मुलांना मिळालं.

म्हणून मला 'झुकतं माप' हा शब्दप्रयोग सगळ्यात योग्य वाटतो. माप झुकतं तेव्हा घेणाऱ्याने लबाडी केलेली असतेच असं नाही, पण त्याच्या पदरात जास्त पडलेलं असतं, आणि कुणाच्या तरी वाट्याला कमी आलेलं असतं. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून. गोरं वाटणारं नाव असलेल्या साधारण १० अर्जांमागे एकदा विचारणा झाली. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला त्यासाठी १५ अर्ज लागले. झुकतं माप म्हणतात ते हेच.

आता 'गोरा'. मराठीत गोरा म्हणजे उजळ कांतीचा. लग्नाच्या जाहिरातीतली 'गोरी' मुलगी कोकणातली असते. 'गोऱ्यांना मिळणारा फायदा' लिहिलंत तर वाचकाला सावळ्या-गोऱ्याचा आपल्या घरातला भेदभाव आठवेल. तो विषय खरा आहे, पण वेगळा. पंजाबातून अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंद यांच्या १९२३ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वंशशास्त्राने काहीही म्हटलं तरी सामान्य माणसाच्या समजुतीत भारतीय माणूस 'व्हाइट' नाही, म्हणून नागरिकत्व नाही. थिंद अमेरिकी सैन्यात होते तरीही. तिथे प्रश्न कांतीचा नव्हता, कोणत्या गटात धरलं जातं याचा होता. शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात 'श्वेतवर्णीय' लिहा. पुढे संदर्भ पक्का झाला की 'गोरे' चालेल.

'सहयोगी' वाचला की सहयोगी प्राध्यापक आठवतो. 'मित्रपक्ष' आणि 'मित्रराष्ट्र' हे सौदे करणारे. 'साथीदार' बातम्यांत चोराचा असतो. 'हितचिंतक' काहीच करत नाही. 'कैवारी' मात्र जपून वापरा, कारण त्यात वरून हात देणारा उपकारकर्ता आहे. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केलं, त्यांच्या निरपेक्ष त्यागाचा गौरव म्हणून. ती कृतज्ञता मोठीच आहे. पण आज अलायकडून अपेक्षा आहे ती उद्धाराची नव्हे, साथीची. तबलजी साथ करतो तेव्हा बैठक गायकाचीच असते. म्हणून नामाच्या मागे न लागता 'साथ देणं' हे क्रियापद घ्या. 'मी अलाय आहे' असं स्वतःच जाहीर करता येतं. 'मी साथ दिली' म्हटलं की कुणाला, कधी, कशी हे सांगावं लागतं.

पत्रकातल्या कृतींसाठी नेमकी क्रियापदं आपल्याकडे आहेत. 'कॉल आउट' म्हणजे 'टोकणं': तिथल्या तिथे, एका वाक्यात, माणसाला नव्हे तर विधानाला. 'कॉल इन' म्हणजे 'बाजूला घेऊन सांगणं'. 'अँप्लिफाय'साठी 'आवाज बुलंद करणं' लिहू नका, ते मोर्चातलं आहे. 'तिचा मुद्दा तिच्या नावानिशी पुन्हा मांडणं' लिहा, कारण बैठकीत दुसऱ्याच्या नावावर गेलेला मुद्दा असाच परत आणतात. टोकल्यावर, ज्याच्याबद्दल ते विधान होतं त्या सहकाऱ्याला एकांतात विचारायचं असतं, 'हे तुम्हाला हवं होतं का?' ही पायरी गाळली की साथ देणाराच मध्यभागी येऊन बसतो. स्वतः चुकल्यावर लांबलचक माफी मागितली तरी तेच होतं. समोरच्याला उलट त्याचीच समजूत काढावी लागते.

दोन्ही शीर्षकं मी अशी करीन: 'श्वेतवर्णीयांना मिळणारं झुकतं माप ओळखा' आणि 'साथ कशी द्यावी'. मूळ इंग्रजी संज्ञा देवनागरीत एकदा, पहिल्या परिच्छेदात द्या, म्हणजे प्रशिक्षणात तोच शब्द कानावर पडला तर वाचक गोंधळणार नाही.